टॉन्सिल आवरणासकट काढायचे की आवरणाच्या आतून? मुलांच्या दुखण्यात नेमका काय फरक पडतो?

मुग्धा_द | ३ जून, रात्री १०.५०

लेकाचं (वय ५, वजन १८ किलो) टॉन्सिल आणि अॅडेनॉइडचं (नाकाच्या मागे असलेली तशीच गाठ) ऑपरेशन ठरतंय. घसा फारसा धरत नाही त्याचा, पण रात्री घोरतो, तोंड उघडं टाकून झोपतो, मधेच श्वास अडकतो आणि दचकून कूस बदलतो. झोपेची तपासणी केली, त्यात स्लीप अॅप्निया निघाला. ऑपरेशन करायचं हे नक्की आहे. कसं करून घ्यायचं, ते मात्र अजून ठरत नाही.

घरात एक अनुभव आहे म्हणून विचारते. थोरल्या लेकीचे टॉन्सिल चार वर्षांपूर्वी काढले, तेव्हा ती सात वर्षांची होती. ऑपरेशन छान झालं असं सांगून दुसऱ्या दिवशी घरी सोडलं. तिसऱ्या दिवसापासून तिने पाणी पिणं जवळजवळ सोडलं. एक घोट तोंडात घ्यायची, बराच वेळ तसाच धरून ठेवायची, मग डोळे घट्ट मिटून मान खाली घालून गिळायची आणि फुलपात्र दूर सारायची. कान धरून रडायची, म्हणून मला वाटलं कानात काही झालंय. पाचव्या दिवशी चोवीस तासांत दोनदाच लघवी झाली, ओठांची सालं निघाली, शेवटी सलाइनसाठी परत दाखल केलं. पोटभर वरणभात खायला तिला बारावा दिवस उजाडला.

आता तीन डॉक्टरांची मतं घेतली. एक म्हणाले, कॅप्सूलच्या, म्हणजे टॉन्सिलच्या आवरणाच्या आतून काढतो, त्रास बराच कमी होतो. दुसरे म्हणाले, कोब्लेशनने करू, पण पूर्ण काढू, नाहीतर परत वाढतात. तिसरे साध्या अवजारांनी करतात आणि त्यांचं म्हणणं, हात चांगला असला की मशीनची गरज नाही. तिघंही अनुभवी आहेत आणि तिघांनीही वेळ देऊन समजावलं. पण घरी येऊन वही उघडली तर माझा गोंधळ होता तिथेच. कुणी या क्षेत्रातलं असेल किंवा कुणाच्या मुलांचं अशात झालं असेल तर सविस्तर सांगाल का?

ऋतुजा१९ | ३ जून, रात्री ११.२०

आमच्या पुतण्याचं मागच्या वर्षी कोब्लेशनने झालं, तरी आठ-नऊ दिवस खूप दुखलं. त्यामुळे कोब्लेशन म्हणजे दुखत नाही हे मला तरी पटत नाही. वाचतेय.

शल्यक | ४ जून, सकाळी ७.०५

मी कान-नाक-घसा सर्जन आहे. ऋतुजा यांच्या अनुभवाचं कारण सांगतो, त्यातच मुग्धाताईंचं उत्तर आहे.

टॉन्सिलच्या मागच्या बाजूला एक पातळ पण चिवट आवरण असतं, तीच कॅप्सूल. तिच्या मागे लगेच गिळायचा स्नायू, आणि त्या भागात रक्तवाहिन्या व मज्जातंतू. रूढ पद्धतीत आम्ही या आवरणाच्या बाहेरून जातो आणि गाठ आवरणासकट स्नायूवरून सोडवून घेतो. गाठ अख्खी निघते, पण स्नायू उघडा पडतो. मूल दिवसाला शेकडो वेळा गिळतं आणि दर वेळी तो उघडा स्नायू आकुंचन पावतो. त्यावर पांढरी साय धरते, ती पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या सुमारास सुटू लागते आणि उशिरा होणारा रक्तस्रावही बहुधा याच दिवसांत होतो.

दुसऱ्या पद्धतीत आवरणाच्या आत राहून गाठ कोरत जायची, शेवटचा पातळ थर आवरणाला लागून तसाच ठेवायचा आणि थांबायचं. आमच्याकडे खवणीवर नारळ खवताना आई सांगायची, करवंटी लागायच्या आत हात थांबव. तसंच. नव्वद टक्क्यांहून जास्त गाठ निघते, श्वासाची वाट मोकळी होते आणि स्नायूवर त्याचं स्वतःचं पांघरूण राहतं. वेदना कमी, मूल लवकर खातं, शाळेत लवकर जातं आणि उशिराचा रक्तस्रावही कमी होतो.

आता कोब्लेशन. ते अवजाराचं नाव आहे, पद्धतीचं नव्हे. मिठाच्या पाण्यातून रेडिओलहरी सोडून पेशी विरघळवल्या जातात. तापमान साधारण ४० ते ७० अंश, तर कॉटरीचं (विजेच्या उष्णतेने कापून, रक्तवाहिनी भाजून बंद करणारं अवजार) काहीशे अंशांपर्यंत जातं. या अवजाराने आवरणाच्या बाहेरूनही काढता येतं आणि आतूनही. पुतण्याचं बहुधा बाहेरून झालं असणार. मग भाजणं थोडं कमी झालं असेल, पण स्नायू उघडा पडला तो पडलाच. आतून काढायला मायक्रोडिब्रायडरही वापरतात. त्यात नळीच्या टोकाला फिरतं पातं असतं आणि कापलेलं लगेच ओढून घेतलं जातं. अमेरिकेत पीटर कोल्टाई आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये याच्या साहाय्याने आवरणाच्या आतल्या शस्त्रक्रियेचे निष्कर्ष छापले, त्यानंतर तिला पुन्हा जोर आला.

पुन्हा म्हणतो, कारण कल्पना जुनी आहे. एकोणिसाव्या शतकात फिलाडेल्फियाच्या फिलिप सिंग फिझिक यांनी टॉन्सिल छाटायचं अवजार केलं होतं. त्या काळी गाठीचा पुढे आलेला भागच छाटला जायचा. मागे बरंच उरायचं, संसर्ग परत व्हायचा, म्हणून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आवरणासकट काढायची पद्धत रुजली. आज आपण जे करतो त्यात दिसतं स्पष्ट, थर मोजून ठेवता येतो आणि रक्त थांबवायची साधनं आहेत.

तिसऱ्या डॉक्टरांचं म्हणणंही खोटं नाही. इंग्लंड आणि उत्तर आयर्लंडमध्ये २००३-०४ मध्ये सुमारे ३४ हजार रुग्णांची राष्ट्रीय पाहणी झाली. त्यात गरम अवजारांनी काढलेल्यांमध्ये रक्तस्राव जास्त आणि थंड अवजारांनी काढून रक्तवाहिन्या बांधलेल्यांमध्ये सगळ्यात कमी आढळला. कोब्लेशनही त्या पाहणीत थंड पद्धतीपुढे मागेच पडलं. म्हणजे आवरणाच्या बाहेरूनच काढायचं असेल, तर साधी अवजारं आणि संयमी हात ही उत्तम जोडी आहे.

नाशिकचा_वाचक | ४ जून, सकाळी ९.४०

डॉक्टर, फार सोपं करून सांगितलंत. दोन शंका. थर ठेवला तर परत वाढतो का? आणि पाच वर्षांच्या मुलाला थांबून बघता येणार नाही का? वयाबरोबर टॉन्सिल लहान होतात म्हणतात.

शल्यक | ४ जून, दुपारी २.१५

वाढू शकतो. वेगवेगळ्या अभ्यासांत शंभरात एक-दोन ते पाच-सहा मुलांमध्ये पुन्हा वाढ दिसली आहे, लहान वयात जास्त. वाढलेल्या प्रत्येकाला दुसरं ऑपरेशन लागतं असंही नाही. मी पालकांना हे आधी सांगतो आणि केसपेपरवर लिहितो. हा धोका खरा आहे. पण तो एका पारड्यात आणि दुसऱ्यात रक्तस्राव व पाणी तुटून पुन्हा दाखल होणं, असं ठेवून बघा. ऑस्ट्रियात २००६-०७ मध्ये काही लहान मुलं टॉन्सिलनंतरच्या रक्तस्रावाने दगावली. त्यानंतर तिथल्या तज्ज्ञांनी सहा वर्षांखालच्या मुलांत शक्यतो गाठीचा काही भागच काढावा अशी दिशा घेतली. लहान मुलाकडे रक्ताची शिल्लकच कमी असते. किलोमागे ७०-७५ मिली धरलं तर १८ किलोच्या मुलात सगळं मिळून १.३ लिटर. मोठ्या माणसाने सहज सोसलेला पेलाभर रक्तस्राव या मुलाला अत्यवस्थ करू शकतो.

थांबून बघण्याबद्दल. अमेरिकेत ५ ते ९ वर्षांच्या ४६४ मुलांवर प्रयोग झाला, २०१३ मध्ये छापून आला. सात महिन्यांनी ऑपरेशन झालेल्यांपैकी ७९ टक्के मुलांची झोपेची तपासणी नॉर्मल आली, थांबलेल्यांपैकी ४६ टक्क्यांची. म्हणजे काही मुलं आपोआप सुधारतात हे खरं, आणि सौम्य त्रासात मी थांबतोही. पण श्वास अडकतोय, मूल दिवसा पेंगतंय किंवा चिडचिड करतंय, वजन वाढत नाही, तर वाट बघण्यात अर्थ नाही. नुसता घसा धरण्यासाठी काढायचे असतील तर निकष वेगळे : वर्षात सात वेळा, किंवा सलग दोन वर्षं दर वर्षी पाच वेळा, किंवा सलग तीन वर्षं दर वर्षी तीन वेळा. तेवढं नसेल तर घाई नको.

आतून काढणं सगळ्यांसाठी नाही. एकाच बाजूची गाठ संशयास्पद वाढलेली असेल तर ती पूर्ण काढून तपासायला हवी. टॉन्सिलमागे पू झाल्याचा इतिहास असेल तरी मी पूर्णच काढतो.

उत्तरेकडची | ४ जून, सायं. ६.३०

आम्ही स्वीडनमध्ये असतो. मुलीचं घोरण्यासाठीच झालं, साडेचार वर्षांची असताना. इथे श्वासाच्या अडथळ्यासाठी मुलांमध्ये आता गाठीचा भागच काढतात, पूर्ण काढायचे का असा प्रश्नही डॉक्टरांनी केला नाही. सकाळी गेलो, संध्याकाळी घरी.

मला आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. टॉन्सिलच्या ऑपरेशनांची राष्ट्रीय नोंदवही आहे. तीस दिवसांनी आम्हाला प्रश्नावली आली : किती दिवस वेदनाशामक लागलं, नेहमीचं खाणं कधी सुरू झालं, रक्त आलं का, परत दवाखान्यात जावं लागलं का. सहा महिन्यांनी पुन्हा एक आली, ज्या त्रासासाठी केलं तो गेला का हे विचारणारी. सर्जनने 'ऑपरेशन छान झालं' म्हणणं आणि आईने नवव्या दिवसाबद्दल लिहिणं, दोन्ही एकाच नोंदीत येतं. मुग्धा, तुमच्या लेकीचा पाचवा दिवस इथे कुठेतरी लिहिला गेला असता. आपल्याकडे तो दिवस फक्त आईला माहीत असतो, याचं मला वाईट वाटतं.

मुग्धा_द | ४ जून, रात्री १०.०५

खरंय. त्या डॉक्टरांना कदाचित कळलंही नसेल, कारण सलाइनसाठी आम्ही घराजवळच्या दवाखान्यात गेलो होतो.

देवगडकर | ५ जून, सकाळी ८.१०

पद्धतीबद्दल मला काही कळत नाही, एक चूक सांगतो ती तुम्ही करू नका. दोन वर्षांपूर्वी भाच्याचं ऑपरेशन मुंबईत झालं आणि पाचव्या दिवशी त्याला घेऊन गणपतीला गावी गेलो. पोर हसत होतं, मोदकाचं सारणही खाल्लं त्याने. सातव्या रात्री ताई म्हणाली, हा झोपेत सारखा गिळतोय. आम्हाला वाटलं थुंकी गिळतोय. तासाभराने काळसर उलटी झाली आणि मागोमाग लाल. जवळ घशाचा डॉक्टर नाही, रात्रीची वेळ, पाऊस. गाडीत त्याला मांडीवर पुढे वाकवून बसवलं होतं आणि हातात पातेलं. रक्त वाटेत थांबलं, ही देवाची कृपा. पुढे दाखल केल्यावर डॉक्टर म्हणाले, झोपेत सारखं गिळणं हीच पहिली खूण असते, तेव्हाच निघायला हवं होतं. दोन आठवडे मोठ्या रुग्णालयापासून लांब जाऊ नका, सण असो की लग्न.

निद्रा | ५ जून, रात्री ९.२५

भूलतज्ज्ञ आहे. देवगडकरांची पोस्ट प्रत्येक पालकाने वाचावी. त्यात एक भर : रक्त दिसलं तर मुलाला बसतं ठेवा, रक्त थुंकू द्या, तोंडाने काही देऊ नका (पुन्हा भूल द्यावी लागू शकते) आणि थांबलं तरी रुग्णालयात जाच.

बरं होण्यात सर्जनच्या हाताइतकाच आमच्या बाजूचाही वाटा असतो. भूल दिल्यावर डेक्सामेथासोन या स्टिरॉइडचा एकच डोस शिरेतून दिला की उलट्या कमी होतात, दुखणं कमी होतं आणि मूल लवकर तोंडाने घेऊ लागतं. तो देणार आहेत का, हे विचारायला संकोच करू नका. ऑपरेशननंतर सरसकट अँटिबायोटिक देऊन मूल लवकर बरं होत नाही, अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचना ते देऊ नका असंच सांगतात. उपाशी ठेवण्याबद्दलही गैरसमज फार. दूध आणि हलकं खाणं सहा तास आधी बंद, पण साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं. आदल्या रात्रीपासून कोरडं ठेवलेलं पोर ऑपरेशनआधीच सुकलेलं असतं.

घरी गेल्यावर पॅरासिटामॉल आणि डॉक्टरांनी चालेल म्हटलं असेल तर आयबुप्रोफेन, वजनाप्रमाणे आणि घड्याळाप्रमाणे. रडल्यावर द्यायचं नाही, रडायच्या आधी द्यायचं. पहिले काही दिवस रात्री उठवूनसुद्धा. अर्धा तास आधी औषध आणि मग जेवण, असं बसवलं की घास उतरतो. मुग्धाताई, तुमच्या लेकीच्या कानात काही नव्हतं. घशाला आणि कानाला जाणारी नस एकच, त्यामुळे घशाचं दुखणं कानात जाणवतं.

आणि हे मात्र कळकळीने सांगते. घरातलं कोडीनचं खोकल्याचं औषध या मुलांना चुकूनही देऊ नका. यकृत कोडीनचं मॉर्फिन करतं आणि काही मुलांमध्ये ते फार वेगाने होतं. स्लीप अॅप्निया असलेलं मूल अशा वेळी झोपेतच श्वास थांबून दगावू शकतं, तसे मृत्यू झाले आहेत. अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी २०१३ मध्ये टॉन्सिलनंतर मुलांना कोडीन देण्याविरुद्ध सर्वांत कडक इशारा दिला आणि २०१७ मध्ये ट्रॅमाडॉल या वेदनाशामकालाही तसाच. अॅप्निया तीव्र असेल किंवा मूल तीन वर्षांखालचं असेल तर पहिली रात्र रुग्णालयातच काढा, ऑक्सिजन मोजत.

सुमन_आजी | ६ जून, सकाळी १०.३०

नातीच्या वेळी मीच होते घरात. पांढरं दिसलं की पू समजून मी घशाला हळद-ग्लिसरीन लावायला निघाले होते, सुनेने अडवलं. बरं केलं. ती साय असते, तोंडाला वासही येतो, काही लावायचं नाही. खाण्यात मऊ भात-तूप, पेज, नाचणीचं सत्त्व, मुगाची पातळ खिचडी कोमट करून. लिंबू, चिंच, चिवडा नको. कोकम सरबत आणि लाल रंगाचं काहीच देऊ नका, उलटी झाली तर रक्त की सरबत ते कळत नाही. दर वीस मिनिटांनी दोन चमचे पाणी, असं मी घड्याळ लावून पाजलं.

मुग्धा_द | ६ जून, रात्री ११.००

सगळ्यांचे मनापासून आभार. तिन्ही डॉक्टरांना एकेक गोष्ट परत विचारणार आहे : तुम्ही आवरणाच्या बाहेरून जाणार की आतून, आणि या वयाच्या किती मुलांचं तसं केलंय? शल्यक, आणखी काय विचारू?

शल्यक | ७ जून, सकाळी ६.५०

हेच विचारा आणि अवजाराचं नाव शेवटी विचारा. शिवाय रक्त आलं तर मध्यरात्री कुठे यायचं, ऑपरेशन थिएटर आणि भूलतज्ज्ञ मिळतील का, हे नंबरासकट लिहून घ्या.

बाकी बारीक गोष्टी आमच्या आमच्याकडे असतात, पण सांगतो. जीभ दाबून तोंड उघडं ठेवणारा गॅग फार वेळ ताणून ठेवला तर जीभ सुजते, म्हणून मधे सैल करावा लागतो. टॉन्सिलच्या पुढे-मागे स्नायूच्या दोन कमानी असतात. मागच्या कमानीला चटका बसला की पडजीभ सुजून लोंबते आणि मुलाला सतत काहीतरी अडकल्यासारखं वाटतं. रक्त दिसलं की लगेच कॉटरी लावायची नाही, आधी गॉज दाबून थांबायचं. बराचसा स्राव तेवढ्याने थांबतो आणि उरलेल्या बिंदूला कमी शक्तीचा स्पर्श पुरतो. ही दोन-चार मिनिटं थांबणं शिकायला मला काही वर्षं लागली.

मुग्धा_द | २९ जून, रात्री १०.४०

झालं ऑपरेशन, २० तारखेला. आवरणाच्या आतून, कोब्लेशनने. पूर्ण काढू म्हणणाऱ्या डॉक्टरांनीच शेवटी सांगितलं, ते स्वतः आतून फारसं करत नाहीत, पण माझ्या लेकाला तेच योग्य आहे, पहिल्या डॉक्टरांकडे करा. त्यांच्याबद्दलचा आदर वाढला. वाँड (कोब्लेशनची कांडी) एकदाच वापरायची असते, तिचा खर्च बिलात वेगळा लागला. तो आधी विचारून ठेवा.

वहीत लिहिलंय तेच उतरवते. पहिली रात्र रुग्णालयात, ऑक्सिजन ठीक. दुसरा दिवस : घसा धरून रडला, पण औषधानंतर दीड वाटी पेज. तिसरा दिवस : "मला पोळी हवी." दुधात कुस्करून दिली, खाल्ली. चौथ्या दिवशी कान दुखतो म्हणाला, या वेळी मी घाबरले नाही. पाचव्या दिवसानंतर रात्रीचं औषध लागलं नाही. लघवी रोज पाच-सहा वेळा. थोरलीच त्याला पाणी पाजायची, चमचा तिच्याच हातात. तिला आपलं दुखणं आठवत होतं बहुतेक, कारण प्रत्येक घोटानंतर विचारायची, "टोचलं का?"

दोन मुलं, दोन वयं, दोन कारणं. यावरून सिद्ध काही होत नाही हे मला कळतं. आणि अजून आमचे दोन आठवडे पूर्ण व्हायचेत.

सातव्या रात्री मी जागी राहिले, देवगडकरांची पोस्ट डोक्यात होती. पलंगाशेजारी बॅटरी घेऊन बसले आणि त्याचं गिळणं ऐकत राहिले. साडेतीनच्या सुमारास घाबरून उठले, कारण खोलीत काहीच आवाज नव्हता. जवळ जाऊन बघितलं तर तोंड मिटलेलं होतं आणि श्वास नाकाने चालला होता.

देवगडकर | ३० जून, सकाळी ७.३०

वाचून फार बरं वाटलं, ताई. ४ जुलैपर्यंत गाव सोडू नका.